काढता येईल असा बोर्ड

बोर्डाच्या दुकानात गिऱ्हाईक येतं बोर्ड करून घ्यायला आणि सांगून जातं घरातलं सगळं. त्यामुळे किस्से साठत जातात. अ‍ॅक्रिलिक कापून उरलेले तुकडे आमच्याकडे कोपऱ्यात पडून असतात, टाकवत नाहीत आणि त्यांचं काही बनतही नाही, तसं. आज जरा झाडून काढते.

दुकान सासऱ्यांचं, म्हणजे अण्णांचं. मी शिकले लहान मुलांचं आहारशास्त्र. गौरी झाली, नोकरी सुटली, आणि दुपारी काउंटरवर बसून लोकांना फ्लेक्स घ्या की अ‍ॅक्रिलिक, पत्रा की स्टील, हे सांगायचं काम माझ्याकडे आलं. लोक माझं शांतपणे ऐकून घेतात आणि मग त्यांना हवं तेच करतात. आहाराच्या सल्ल्याचंही असंच होतं, म्हणून फार परकं वाटलं नाही.

जुळे सोलापुरातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझं स्वतःचं सल्ला केंद्र काढायचं, हे केव्हाच ठरलं होतं. खोलीला रंग लावून झाला, वजनकाटा आला. फक्त बोर्ड ठरायचा होता.

*

श्रीपूरकडचे एक ट्रॅक्टर गॅरेजवाले आले. त्यांना फ्लेक्सच हवा होता. मी म्हटलं, काका, आपल्या उन्हात फ्लेक्सचा लाल रंग आधी गुलाबी होतो, मग जातोच. तुम्ही अ‍ॅल्युमिनियमची शीट घ्या, फाटणार नाही. त्यांनी सगळं मान डोलवून ऐकलं.

"व्हय मॅडम. पर फाटलंच न्हाय तर कडब्यावर टाकायचं काय?"

मागचा बोर्ड कडब्याच्या गंजीवर होता. त्याच्या आधीचा ट्रॅक्टरवर. आत्ताच्यावर घरच्या बाईंना कुरडया वाळवायच्या होत्या, आणि बोर्डाचं माप त्यांनीच दिलं होतं, गच्ची मोजून. गॅरेजची रुंदी कुणी मोजलीच नव्हती. बोर्ड लागला तेव्हा तो शेजारच्या सलूनवर निम्म्यापर्यंत गेला. सलूनवाल्याची तक्रार नाही. त्याला सावली झाली.

*

पेठेतल्या एका चादरवाल्यांनी आरशासारखी चमकणारी सोनेरी स्टीलची अक्षरं मागितली. मी मॅट फिनिश सुचवलं. ते म्हणाले, मॅट घालून चमकायचं कसं?

दुकान पूर्वेला तोंड करून. सकाळी ऊन अक्षरांवर पडायचं आणि तिथून थेट समोरच्या टेलरच्या डोळ्यांत. त्याला सुईत दोरा ओवता येईना. तो तरातरा आमच्या दुकानात आला. मी मनातल्या मनात माफीची वाक्यं जुळवत होते, पण अण्णांनी चहा मागवला आणि टेलरकडची शिलाई कशी चालली आहे ते विचारलं.

चहा संपेपर्यंत टेलरने ऑर्डर दिली. तीच अक्षरं, तोच सोनेरी रंग, फक्त जरा मोठी.

"सकाळी त्यो मला दिपवतोय ना. संध्याकाळी मी त्याला दिपवतो."

आता दोघंही गॉगल लावून गिऱ्हाईक करतात. त्यांच्या मधल्या बोळातल्या लोकांना वाटतं, धंदा जोरात आहे.

*

चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्याचे साहेब आले. धूम्रपान मनाईचे बोर्ड हवे होते, आवारात सगळीकडे लावायला. मी सनबोर्ड, अ‍ॅक्रिलिक, पत्रा असे नमुने मांडले आणि प्रत्येकाचे गुण-दोष सांगायला लागले. साहेब सिगारेट ओढत ऐकत होते. शेवटी त्यांनी सिगारेट पत्र्याच्या नमुन्यावर चिरडून विझवली, बोटाने राख पुसली आणि निरखून पाहिलं.

"हा द्या. डाग राहत नाही."

माझ्या सांगण्यात हा मुद्दा आलाच नव्हता.

*

तर असं सगळ्या गावाला मटेरियल सांगणारी मी, माझ्या स्वतःच्या बोर्डाचं मात्र काही जमेना.

कारण घरातच होतं. बाल आहारतज्ज्ञ बाईंची मुलगी शेंगाची चटणी आणि कडक भाकरीचा चुरा, एवढ्यावर जगते. वाटीत डाळ दिसली की तोंड घट्ट मिटते. पहिलीच आई सल्ल्याला आली आणि तेवढ्यात गौरी चटणीने लाल झालेलं तोंड घेऊन बाहेर आली तर? केंद्र महिन्याभरात बंद पडलं तर? बोर्ड उतरवताना अख्खी कॉलनी बघेल. लावताना कुणी बघत नाही, उतरवताना सगळे गॅलरीत असतात.

म्हणून मी आधी स्टीलवरून अ‍ॅक्रिलिकवर आले. मग फ्लेक्सवर. मग वाटलं, खिडकीच्या काचेला नुसता स्टिकर लावावा, सोलला की संपलं. शेवटी लोखंडी फाटकाला चिकटणारी चुंबकाची शीट सापडली आणि मला फार बरं वाटलं. सल्ल्याची वेळ संपली की काढून घरात आणता येते.

हे मी जेवताना सांगितलं. सासूबाईंना आम्ही अव्वा म्हणतो. अक्कलकोटकडच्या, घरात कन्नड, आमच्याशी मराठी. त्यांनी भाकरी मोडता मोडता विचारलं,

"मग गळ्यातच का अडकवंनास? घरी आलं की काढायचं."

अण्णा ताटात बघून हसले. मी उठून गौरीला डाळ भरवायला गेले. तिने तोंड मिटलं.

*

त्यानंतर अव्वा एक दिवस अण्णांच्या स्कूटरवर मागे बसून कुठे तरी जाऊन आल्या. कुठे ते दोघांनीही सांगितलं नाही. मला वाटलं, दवाखाना असेल, आणि माझ्या सवयीप्रमाणे मी दोन दिवस त्याचीच काळजी केली.

मग एका सकाळी गौरीला बागेतून फिरवून आणलं तर फाटकाशी सिमेंट कालवलेलं. फाटकाच्या खांबात खाच पाडून एक गवंडी काळा ग्रॅनाइट बसवत होता. त्यावर खोल कोरलेली, सोनेरी रंग भरलेली अक्षरं. माझं नाव, खाली 'बाल आहार सल्ला केंद्र', आणि सगळ्याभोवती वेलबुट्टी. आयुष्यभर बोर्डाचं दुकान चालवलेल्या माणसाच्या घराला दगडाची पाटी. अव्वा बाजूला खुर्ची टाकून बसल्या होत्या. हातात कुंकवाचा करंडा.

माझ्या तोंडून एवढंच निघालं, की हे काढायचं झालं तर?

"निघत न्हाय, ताई," गवंडी मान वर न करता म्हणाला. "खांबच पाडावा लागंल."

हा गवंडी एरवी देवळांच्या पायऱ्यांवर आणि सभामंडपात स्मरणार्थच्या पाट्या बसवायचा. त्याने फडक्याने अक्षरांवरचं सिमेंट पुसलं, माझं नाव सावकाश वाचलं, आणि आवाज खाली आणून अव्वांना विचारलं,

"मावशी, कवा गेल्या ह्या?"

अव्वांनी करंडा उघडला, नावाला कुंकू लावलं आणि माझ्याकडे बोट केलं.

"जातीय कुटं? ही काय, तुज्या मागं उभी हाय. भितीय नुसती."