टाचेने वाचलेली फरशी

वॉर्डातले एक पेशंट आजोबा पडले नाहीत, कारण खाटेची दांडी हाताशी आली. पण त्यांचा पाय घसरलेला सगळ्या वॉर्डाने पाहिला. दहा मिनिटांत मॅनेजरसाहेबांनी मला बोलावलं. वर्ध्याजवळच्या एका खासगी दवाखान्यात मी तेव्हा हाउसकीपिंग इन्चार्ज होते. साफसफाईचं सारं माझ्याकडे.

"त्या वॉर्डाची बाई कोण?"

"सुनंदाबाई."

"उद्यापासून नको."

"सर, संध्याकाळपर्यंत वेळ द्या. कारण तरी पाहते."

सुनंदाबाई देवळीहून पहिल्या बसने येत. घरात कमावणाऱ्या त्या एकट्याच. मी वॉर्डात गेले तर त्या चपला काढून उभ्या होत्या आणि टाच हळूहळू फरशीवर फिरवत होत्या.

"हे काय?"

"पाहून राह्यली, मॅडम. हा मळ नाई. मळ खरखर लागते. हे चिकट आहे, अन् वल्लं झालं का घसरते. साबण आहे हा."

त्यांनी ओंजळभर पाणी फरशीवर टाकून तळव्याने चोळलं. पाण्याला फेस आला. साध्या पाण्याला! मी रसायनशास्त्राची पदवीधर, आणि बघत राहिले.

पांढरं फिनाईल पाण्यात दुधासारखं होतं, कारण त्यातलं तेल पाण्यात मिसळून ठेवायला साबणासारखा पदार्थ घातलेला असतो. फ्लोअर क्लीनरमध्येही तसाच असतो. तो मळ सोडवतो, पण मागून साध्या पाण्याने त्यालाही काढावं लागतं. नाहीतर रोज एक थर चढतो. बोअरच्या जड पाण्यात तो अधिकच चिवट होतो.

"मग मागून साधा पोछा काऊन नाही मारला?" त्यांच्या बोलीतलं 'काऊन' माझ्या तोंडी आलं.

"तुमीच बंद केला ना! टाइम जाते म्हणून. अन् फिनाईलच्या एका झाकणाचे दोन केले, वास यावा म्हणून. वास आला म्हंजे साफ झालं काय? वास तर अगरबत्तीले बी येते."

बादल्यांच्या खोलीत माझ्याच अक्षरातली सूचना चिकटवलेली होती. मी ती काढून घेतली.

गरम पाणी, ब्रश, वायपर, मग साधा पोछा. तीनदा पाणी बदललं. चौथ्या वेळी सुनंदाबाईंची टाच थांबली. "आता झालं."

साहेबांपुढे मी कागद ठेवला. "अक्षर माझं आहे, सर."

"मग मेमो तुम्हाला देऊ?"

"द्या."

दिला. सुनंदाबाई कामावर राहिल्या. माझ्या नव्या सूचनेत एकच ओळ होती: शेवटची बादली साध्या पाण्याची.

गेल्या महिन्यात त्या गेल्या. पुण्यानुमोदनाला, त्यांच्या स्मरणाच्या बौद्ध विधीला, मी देवळीला गेले. दारात चपला काढल्या, आत पाऊल टाकलं आणि नकळत टाच फिरवली. पायाला काहीच लागलं नाही. नुसता गारवा.

त्यांची मुलगी माझ्या पायाकडे पाहत होती.

"साध्या पाण्यानं दोनदा पुसून काढली, जी," ती म्हणाली.