शालिनी सिस्टरांविरुद्धचा माझा अर्ज

शालिनी सिस्टर गेल्याचं मला दूध संस्थेच्या ओट्यावर कळलं. 'तुमच्या पोरीला लस देणाऱ्या सिस्टर वारल्या म्हणं,' टँकरचा ड्रायव्हर म्हणाला. त्याला दीड महिना झाला... आज लिहितो आहे, कारण त्यांच्याबद्दल मी एकदाच लिहिलं होतं, आणि ते खोटं होतं.

चौसाळ्याजवळच्या आमच्या गावात त्या नर्स होत्या आणि मी दूध संस्थेचा सचिव. दुष्काळाचं साल होतं. जनावरांच्या चाऱ्याच्या चिठ्ठ्या संस्थेतून, माझ्या सहीनं मिळत. माझी मुलगी स्वाती तेव्हा साडेतीन महिन्यांची. तिच्या पाठीवर, पोटावर तपकिरी डाग होते. लसीच्या दिवशी सिस्टरांनी एक डाग बोटानं हलकेच चोळला, तो लाल होऊन फुगला. 'भाऊ, हिची कातडी येगळी हाय. आज एकच सुई देते. पण दोन तास इथंच बसा, जाऊ नका.' मी हो म्हणालो. संध्याकाळच्या दुधाची वेळ होत आली होती. त्या दुसऱ्या लेकराकडं वळल्या, तसा मी स्वातीला उचलून निघालो. बायको नको म्हणत होती.

वेशीपर्यंत येईतो पोर लालबुंद झाली, अंगभर गांध्या उठल्या, मान टाकली. मी पळत माघारी गेलो. सिस्टरांनी तिच्या मांडीत इंजेक्शन दिलं, तिला पदराखाली घेतलं आणि मिळेल त्या जीपनं बीड गाठलं. पोर वाचली.

दुसऱ्या दिवशी लोक विचारायला लागले. मी निघून आलो होतो, हे सांगायची मला लाज वाटली... मी अर्ज लिहिला, 'लस देऊन सिस्टर निघून गेल्या.' सभासदांनी खाली सह्या केल्या. चाऱ्याच्या चिठ्ठ्या ज्याच्या हातात, त्याला नाही कोण म्हणणार? सिस्टरांची बदली चकलांब्याकडं झाली. जाताना त्या घरी आल्या. अर्जाचं अक्षरही काढलं नाही. 'कातडीच्या डॉक्टरला दाखवा. अन् भाऊ, लस बंद करू नका,' एवढंच म्हणाल्या.

मी बंद केली. दोन वर्षांनी स्वातीला गोवर निघाला, कान फुटला, आणि डाव्या कानानं ऐकू येईनासं झालं. तेव्हा कुठं आम्ही कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडं गेलो. त्यांनीही डाग चोळून पाहिला. कातडीत मास्ट नावाच्या पेशी जास्त आहेत, त्या चाळवल्या की असं होतं, म्हणाल्या. 'अशा बहुतेक मुलांना लस चालते. एका वेळी एकच, आधी औषध द्यायचं आणि नंतर थांबायचं. तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं?' बायकोनं माझ्याकडं पाहिलं.

पुढं एकदा गेवराईच्या स्टँडवर सिस्टर दिसल्या. 'स्वाती कशी हाय?' त्यांनीच विचारलं. 'चांगली हाय,' म्हणालो आणि समोर लागलेल्या भलत्याच गाडीत चढलो. माफी मागायला चकलांबा काय लांब होतं? तरी वर्षं गेली...

त्या वारल्याचं कळल्यावर मात्र चकलांब्याला त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या यजमानांनी मला ओळखलं नाही, चहा दिला. नाव सांगायचं धाडस झालं नाही. परतताना त्यांच्या उपकेंद्रापाशी थांबलो. लसीचा दिवस होता. व्हरांड्यात बाया लेकरं घेऊन बसल्या होत्या. नवी नर्स कुणाला उठू देईना. 'शालिनीबाईंनी घालून दिलेली शिस्त हाय, सुई झाली की आदी बसायचं, मग जायचं.' माझ्याजवळची एक बाई चुळबुळत उठली, 'माजी गाडी जाईल वो.'

'बसा ताई,' मी म्हणालो. 'गाडी जाऊ द्या.'

ती बसली. तिचं लेकरू शांत झोपेपर्यंत मीही तिथंच बसून राहिलो.