बसून बघणाऱ्या बाई

वसुधाबाई आमच्या स्मशानात पहिल्यांदा आल्या तेव्हा तिथं एकाचं रक्षाविसर्जन चाललं होतं. बाईंनी चपला काढल्या आणि गुमान बायकांत जाऊन बसल्या. मयताच्या घरच्यांना वाटलं, लांबची कोणी पावणी असंल. एकीनं तर गळ्यात पडून रडून घेतलं. बाई तिच्या पाठीवरनं हात फिरवत राहिल्या. सगळं उरकल्यावर माझ्याजवळ आल्या. "आबा, मी आर्किटेक्ट. कोल्हापुरातनं आले. महापुरात तुमची शेड गेली, तिथं नवीन बांधायचंय. नकाशाचं काम माझ्याकडं आहे."

"मग काढा की नकाशा. हितं बसून काय घावणार?"

"आधी बसून बघू," त्या म्हणाल्या.

मी चौथी शिकलेला माणूस. पण गावातलं सरण मीच रचतो. आमच्याकडं लाकूड थोडं आणि शेणी, म्हणजे गोवऱ्या, जास्त. त्या कशा लावायच्या हे मला शिकवायला अजून कोणी जन्माला आलेलं नाही. बाईही शिकवायला आल्या नाहीत. येत आणि बसत. उन्हाळ्यात बसल्या, छत्री घेऊन पावसात बसल्या. धूर कुठल्या अंगाला जातो, पंचगंगा कुठवर चढते, बघत राहिल्या. शिरोलीच्या फौंड्रीतनं सुटलेली पोरं सायकली थांबवून म्हणायची, "आबा, ही बाई मसणात घर बांधून ऱ्हाणार हाय काय?"

"गावाचंच बांधतीया. तुमालाबी जागा हाय त्यात," मी म्हणायचो. मग पोरं पळायची.

एक दिवस त्यांनी काठीनं मातीत नकाशा काढून दाखवला. भिंती आपल्या काळ्या दगडाच्या, कारण पुरानं पत्रा नेला, जुन्या घाटाचा दगड नेला नाही. वर कौलं. शेणींची खोली उंचावर, पाणी लागू नये म्हणून. आणि मधोमध आमचा जुना करंज, त्याच्याभोवती अर्ध्या गोलात दगडी पायऱ्या. तिसऱ्या दिवशी नैवेद्य ठेवतात तो दगड करंजाच्या बुडाशी. कावळे त्याच झाडावरनं उतरायचे.

"माणसं मागं सरली की कावळा खाली येतो," बाई म्हणाल्या. "म्हणून मागं सरायला जागा दिली. सावलीत."

"म्हंजे कावळ्यासाठी इमारत बांधताय व्हय?"

"आबा, इथं आलेला प्रत्येक जण कावळ्याचीच वाट बघत असतो. मग दुसऱ्या कुणासाठी बांधू?"

मी दोन पावलं मागं सरून वर करंजात बघितलं.

सरपंचाला मात्र मोठी कमान पाहिजे होती, वर नावं घातलेली. शिवाय शववाहिका वळवायला जागा. म्हणाला, "बाई, ते झाड आडवं येतंय."

"कमान घाला, नावं घाला, काय हवं ते करा. करंज गेला तर मी काहीच बांधलं नाही असं समजा."

सरपंचानं मान डोलावली. भिंती चढल्या, पायऱ्या बसल्या. मग बाईंना कॅन्सर निघाला. त्या दवाखान्यात पडल्या आणि इकडं करंज पाडायला कटर आला. मी बुंध्याला पाठ लावून बसलो. चौघांनी मला उचलून बाजूला ठेवलं, पोतं ठेवल्यागत. कमानीवरची नावं आता लांबनंही वाचता येतात.

बाई आल्या त्या डोक्याला रुमाल बांधून, भावाच्या खांद्यावर हात ठेवून. बुंध्याच्या जागी सिमेंट बघितलं. पायरीवर बसल्या. म्हणाल्या, "आता कुणाला कळायचं नाही आबा, ह्या पायऱ्या कशाभोवती आहेत." आणि उठताना, "माझं इथंच करा."

"असलं बोलू नका."

"कावळा येतो का बघायला हवं की."

त्यांचं सरण मी रचलं. एक शेणी ढळू दिली नाही. तिसऱ्या दिवशी भावानं त्यांच्या आवडीची खर्डा-भाकरी आणि दही ठेवलं. सगळे मागं सरलो. कावळे होते, पण पार उसापलीकडच्या विजेच्या तारेवर. एकही हलेना. भावानं हात जोडून काय काय कबूल केलं. पायरीचा दगड तापायला लागला. बायकांनी डोक्यावर पदर ओढले. माणसं घड्याळं बघायला लागली.

सरपंच आला होता, यावंच लागतं. म्हणाला, "दर्भाचा कावळा करून शिववा आणि मोकळं व्हा. ऊन बघा की काय पडलंय."

भाऊ माझ्याकडं बघायला लागला. मी मांडी घातली. "आधी बसून बघू."

मी बसलो म्हटल्यावर भाऊ बसला, बायका बसल्या. सरपंचाला एकट्याला उठून जाता येईना, तोही टेकला. भाकरी वाळून तिच्या कडा वर आल्या. सरपंचानं टोपी काढून डोकं पुसलं, वर बघितलं, इकडंतिकडं बघितलं.

"आबा, जरा सावलीला तरी सरकूया की."

"सरक," मी म्हणालो. "कुठं हाय ती बघ, आन् मलाबी सांग."