मनीनानं मागं वळून वाजवलं नाही

मनीना मिन्त बूबा गुरांची डॉक्टरकी शिकायला ट्युनिसला आली, तेव्हा सामानात अंगभर गुंडाळायचे दोन मल्हफे, चहाची किटली आणि गोणपाटात गुंडाळलेली आर्दीन होती. आर्दीन म्हणजे भोपळ्याच्या पोटाची, उभ्या दांड्याची वीणा. आमच्या मॉरिटानियात ती बायकाच वाजवतात. बायका म्हणजे सगळ्या नव्हेत, फक्त गाणाऱ्यांच्या जातीच्या. बाकीच्यांनी ऐकायचं, माना डोलवायच्या आणि पाठ फिरली की म्हणायचं, "शेवटी गाणारीच ती!"

मी सलका, तिच्याच खोलीत राहायची. आमचं घराणं पोथ्या सांभाळणारं. माझ्या बापानं जन्मात त्या भोपळ्याला बोट लावलं नाही, पण ऐकायला पुढची चटई कायम त्याचीच.

पहिलं वर्षभर तिथं शिकणाऱ्या आमच्याच पोरांनी तिला बैलासारखी जुंपली. कुणाच्या भावाला लेक झाली, कुणी एकदाचा पास झाला, की दारावर थाप. "मनीना, ऊठ की गं! आमच्या आज्याच्या नावानं दोन ओळी म्हण." दुसऱ्या दिवशी तिची परीक्षा असली तरी. एकदा तिनं नाही म्हटलं, तर एक दीडशहाणा म्हणतो, "जन्मानंच मिळालंय तुला, त्याला मेहनत कसली?" मेहनत कसली! सातव्या वर्षापासून आईनं तारांवर घासून घेतलेली तिची बोटं त्यानं कधी हातात धरून बघावीत. टाचेसारखी झालीत.

दुसऱ्या वर्षी तिनं वसतिगृहाच्या फलकावर चिठ्ठी डकवली. 'आर्दीनचा वर्ग. दर सोमवारी चार वाजता, संघाच्या हॉलमध्ये. कुणीही यावं. नखं कापून यावं.'

संध्याकाळच्या आत आमच्या विद्यार्थी संघाचा अध्यक्ष यहदीह खोलीच्या दारात हजर.

"शिकवणार म्हंजे काय? तू वाजवायचं, आम्ही ऐकायचं. पोरींच्या हातात कशाला देतीस?"

"का? झिजत्यात व्हय हात त्यांचे?"

"मोठ्या घरच्या पोरी हायत त्या."

"मग त्यांना जरा जास्त वेळ लागंल. शिकवीन की, मी कुठं पळून चाललीय?"

नऊजणी आल्या. आमच्या सहा, ट्युनिसच्या तीन. त्या सहांत मी, आणि झैनबू. झैनबू लढवय्या सरदारांच्या टोळीतली, दूतावासातल्या बड्या साहेबाची सख्खी पुतणी. चुलत्याला तिनं फ्रेंचच्या शिकवणीला जाते म्हणून सांगितलेलं.

पहिले तीन आठवडे मनीनानं तारेला हात लावू दिला नाही. नुसती टाळी, मग भोपळ्यावर हातानं ठेका. मी कुरकुरले तर म्हणाली, "सलका, तुमच्याकडं पोरगं पोथीचं पान उलटायच्या आधी पाटीवर किती वर्सं घासतंय? मग माझ्याकडं तीन आठवडे बस गप."

आमच्या गाण्याचे मुक्काम, म्हणजे सुरांचे टप्पे, पाच. कर्र, फागू, मग काळा, मग पांढरा आणि शेवटी लब्तैत. एका बैठकीत एकामागून एक हेच घ्यायचे. पुढच्या मुक्कामावर पोचलं की मागच्यात शिरायचं नाही. आमच्याकडं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

नोव्हेंबरात आमच्या देशाचा स्वातंत्र्यदिन आला. यहदीह पुन्हा दारात. "दूतावासातले साहेब येणार हायत. तू वाजव, मग हॉल वर्षभर तुझा."

"पोरी माझ्यासंगं बसतील. आणि पाची मुक्काम पुरे करू द्यायचे."

"दिला शब्द."

कार्यक्रम दुपारी तीनला. साहेबांचा पत्ता नाही. मनीनानं ठरल्या वेळेला तार छेडली, झैनबू भोपळ्यावर ठेक्याला. साहेब उगवले दीड तासानं, तेव्हा चौथा मुक्काम, पांढरा, रंगात आलेला. यहदीह वाकत वाकत आमच्यापाशी आला.

"थांब, थांब! पहिल्यापासनं घे. साहेबांच्या टोळीची तारीफ कर्रमध्ये बसती."

"पांढरा चाललाय, यहदीह."

"मग काय झालं? मागं फीर."

"तुझ्या आईला इचार, असं मागं वाजवणारीसमोर ती बसून राहील का."

मग तो दात आवळून जे बोलला ते आम्ही नऊजणींनी ऐकलं. "इथं तू मास्तरीण न्हाईस. तू तुझ्या जातीची हायस. सांगितलं ते वाजव."

खरं सांगते, मी मधे पडले नाही. पोथ्यावाल्यांची लेक मी, आणि भोपळ्याकडं बघत बसले. त्यापायी मला यहदीहपेक्षा माझाच राग जास्त येतो, अजून येतो.

मनीनानं मान वर केली नाही. तिनं फक्त झैनबूकडं बघितलं. समोर पहिल्या खुर्चीत सख्खा चुलता. झैनबूचा चेहरा चुन्यासारखा झाला, पण हात थांबला नाही. मनीना पांढऱ्यातून सरळ लब्तैतमध्ये गेली. कुणाच्या आज्याचं नाव नाही, कुणाच्या टोळीचं नाही. वाजवलं, संपवलं, आर्दीन गोणपाटात गुंडाळली.

सोमवारी हॉलला नवं कुलूप. शब्द देणाऱ्यानंच लावलेलं! किल्ली मागायला मी गेले, तर हा म्हणतो, "शिस्तीचा प्रश्न हाय." शिस्त! पाच मुक्कामांची शिस्त मोडायला निघालेला माणूस आम्हाला शिस्त सांगतो.

आम्ही गच्चीवर गेलो, वाळत घातलेल्या चादरींच्या मधे. नऊच्या सातजणी उरल्या. झैनबू दोन सोमवार फिरकली नाही. तिला घरी कोंडलीय, मायदेशी धाडणार, असलं कायबाय कानावर यायचं.

तिसऱ्या सोमवारी जिना चढून आली.

"चुलता काय म्हणाला?" मनीनानंच विचारलं.

"लई बोलला. खोटं बोललीस म्हणाला, टोळीचं नाक कापलंस म्हणाला." झैनबूनं मल्हफा सावरला. "मग चहाचा तिसरा पेला झाल्यावर म्हणाला, पांढऱ्यात दोनदा ठेका चुकलीस."

"दोनदा न्हाई, तीनदा," मनीना म्हणाली. "नखं दाखव."

झैनबूनं हात पुढं केले. मनीनानं भोपळा तिच्याकडं सरकवला.

"बस. नवी बैठक हाय. आता घे कर्रपासनं."