बोर्डावरचा माणूस

कंपनीच्या नागपूर ऑफिसात तो टेलिफोनचा बोर्ड सांभाळायचा. हिंगण्याच्या कारखान्यातल्या बोर्डवाल्याशी ठरवून त्याने दोन्हीकडच्या फोनांना नंबरांऐवजी नावं दिली होती. कुठूनही ‘गोदाम’ म्हटलं की गोदामच लागे. माझ्या टेबलाचं नाव ‘बीए’. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी; ते नाव मला आवडलं.

नरखेडहून बाबांचा फोन आला की मला जोडण्याआधी तो विचारी, "काकाजी, औंदा संत्र्याचा बहार कसा हाय?" बाबांचं खळखळून हसणं त्याच्या हेडफोनमधून शेजारच्या टेबलाशी बसलेल्या मला ऐकू येई आणि त्या माणसाचा फार हेवा वाटे.

एकदा मीच विचारलं, "बाबा, विहिरीले पाणी किती हाय?"

"त्याले सांगतलं ना आत्ताच," बाबा हळूच म्हणाले. "तू काम कर बापू, साहेब रागावतीन."