उजवा हात

आमचे जावई कापड रंगवायच्या कारखान्यात बॉयलर सांभाळतात. मुलीने हे लग्न स्वतः जमवलं तेव्हा मी नाक मुरडलं होतं, हे त्यांनाही ठाऊक आहे. माणूस अबोल, पण कामाला चोख. बॉयलरच्या खोलीत दिवसभर बझर वाजतो. दाब जरा चढला की वाजतो, पाणी जरा उतरलं की वाजतो, काहीच झालं नाही तरी वाजतो. तिथली रीत अशी, की आधी बटण दाबून आवाज बंद करायचा आणि मग काट्याकडे बघायचं, कारण त्या गोंगाटात डोकं चालत नाही. घरी दारावरची बेल वाजली तरी त्यांचा उजवा हात आधी हवेत उठायचा. आम्ही पोट धरून हसायचो.

मुलगी सातव्या महिन्यातच बाळंत झाली. मी नेलेलं झबलं पाहून सिस्टर म्हणाल्या, "हे हिच्या लग्नात घाला." नातीला लवंग हे नाव त्यांनीच पाडलं. काचेच्या पेटीत नाकात एक नळी, पोटात दुसरी, पायाला तारेची पट्टी. मुलगी खालच्या खोलीत बसून दूध काढायची आणि ते चमचाभर नळीतून जायचं. कधी पचायचं, कधी हिरवं होऊन परत यायचं. कालचं वाढलेलं वजन आज उतरायचं. एका सकाळी शेजारच्या पेटीतलं बाळ नव्हतं. पेटी पुसून ठेवली होती.

ही बाळं श्वास घ्यायला विसरतात. मग त्या पट्टीला जोडलेलं यंत्र वाजतं, सिस्टर येऊन तळपायाला टिचकी मारतात आणि बाळ पुन्हा सुरू होतं. पण पायाची पट्टी सरकली तरी यंत्र वाजतंच, आणि पट्टी सारखी सरकते. डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, की सलग आठवडाभर विसरली नाही, तर घरी न्या.

नळ्या निघाल्या, लवंग चोखायला शिकली, मुलीने घरी पाळणा धुऊन ठेवला. आठवडा सरत आला होता.

त्या दुपारी जावई पाळी संपवून थेट आले. उघड्या छातीवर बाळ घेऊन बसायचं आणि वर चादर ओढायची, म्हणजे उबेने बाळ अंग धरतं. मी कोपऱ्यात हात धूत होते. यंत्र वाजलं आणि लगेच थांबलं. पट्टी सरकली असेल म्हणून मी वळलेसुद्धा नाही. जावयांचा डोळा लागला होता आणि त्यांचा हात आपला आपण बटणावर जाऊन आला होता. नंतर बघायचा काटा म्हणजे इथे पोरीचा चेहरा, आणि तो चादरीखाली.

सिस्टरनी सहज चादर सारली तर ओठ राखेच्या रंगाचे. टिचकीने भागलं नाही. तोंडावर मास्क धरून फुगा दाबत राहावं लागलं. जावई शर्टाशिवाय भिंतीला टेकून उजव्या हाताकडे बघत होते.

लवंग पुन्हा पेटीत गेली, नळ्या परत आल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोक्याला काही इजा झाली का, ते आत्ता सांगता येणार नाही. ऐकायला, चालायला, बोलायला लागेल तेव्हा कळेल.

मुलगी अजून खालीच होती. सिस्टर म्हणाल्या, असं होतं या बाळांचं, तिला तेवढंच सांगू. जावई तडक खाली गेले. त्या खोलीत पुरुषांना मज्जाव, म्हणून दारातूनच म्हणाले, "ते वाजलं. मी बंद केलं. बघितलं नाही."

मुलीने बाटलीचं झाकण फिरवून घट्ट लावलं. "उद्यापासून तू येऊ नकोस."

मग ते रोज पाळी संपवून दवाखान्याच्या जिन्यात बसायचे. पुढे मुलीला छातीत गाठी होऊन ताप भरला आणि तिलाच आत जायची बंदी झाली. मला जुनाट खोकला, पोरीला छातीशी घ्यायची मनाईच होती. मी तिला म्हटलं, राग घरी आल्यावर काढ, पोरीला आत्ता छाती हवी आहे. ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "बोलव त्याला."

ते आले आणि उजवा हात मांडीखाली दाबून बसले. डाव्या हाताने पोरीला धरलं, नजर तिच्या तोंडावर. सिस्टरनी विचारलं, "हाताला अटक झाली का?" ते हसले नाहीत. घरी जायची परवानगी मिळेपर्यंत रोज तसेच बसले.

घरी यंत्र नव्हतं. पहिल्याच दुपारी मुलीने लवंगला त्यांच्या छातीवर ठेवलं. हात पुन्हा मांडीखाली गेला. ते बघून ती म्हणाली, "काढ तो. तिच्या पाठीवर ठेव. इथे काही वाजणार नाहीये."

त्यांनी ठेवला. अख्खी पाठ त्या पंजाखाली गेली.

तेवढ्यात दारावरची बेल वाजली, आमची ती कानठळ्या बसवणारी बेल. हात जागचा हलला नाही. आम्ही तिघंही लवंगकडे बघत होतो, ती दचकते का ते.

ती दचकली नाही.

"झोपेत आहे," मी म्हटलं, आणि दार उघडायला गेले.