बारा आकड्यांचा नियम

माया रामटेके मुळातच भित्री. मनीषनगरच्या घराला कुलूप लावून जिना उतरायची आणि गॅसचं बटण पाहायला पुन्हा वर जायची. तरी बुटीबोरीच्या कारखान्यात हाच स्वभाव तिच्या कामी आला होता. रसायनं बनवणाऱ्या त्या कंपनीचे सर्व्हर ती सांभाळायची, आणि तिच्या हातून आजवर एकही फाईल हरवली नव्हती.

त्या वर्षी एका परदेशी ग्राहकानं अट घातली. कामगारांचे आधार क्रमांक, बँक खाती, दवाखान्याचे अहवाल सर्व्हरवर उघडे पडलेले चालणार नाहीत. कंपनीनं त्यासाठी एक यंत्रणा विकत घेतली. ती सर्व्हरवरची प्रत्येक फाईल वाचणार, काही गोपनीय दिसलं की ती उचलून कुलूपबंद फोल्डरमध्ये टाकणार आणि जुन्या जागी 'ही फाईल रोखली आहे' एवढी ओळ ठेवणार. गोपनीय कशाला म्हणायचं, ते नियम मायानं लिहायचे होते.

आधारचा नियम सोपा होता: सलग बारा आकडे. ते आकडे खरोखर आधारचे आहेत का, हे गणितानं ताडून पाहायची सोय होती, पण ती लावली की यंत्रणा रखडायची. मायानं ती बंद ठेवली. पहिला महिना यंत्रणेनं नुसतं पाहावं, काही उचलू नये, असं तिच्या मनात होतं. म्हणजे नियम कुठं चुकतो ते कळलं असतं.

तिचे साहेब सुमंत देव यांना ते पटलं नाही. "सोमवारी ग्राहकाची माणसं येताहेत, माया. नुसती बघत बसणारी यंत्रणा त्यांना काय दाखवायची? रोखणं सुरू कर."

"सर, भलत्याच फाईली उचलल्या गेल्या तर?"

"तर परत ठेवू. प्रत्येक गोष्टीला काय घाबरतेस?"

मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर दरवेळी भित्री ठरायचा तिला कंटाळा आला होता. तिनं मान डोलावली.

सोमवारी साहेब पाहुण्यांना घेऊन आतल्या खोलीत बसले होते, तेव्हा मायाचा फोन वाजला. प्रथमोपचार खोलीतली नर्स सोनिका बोलत होती.

"मॅडम, सुरक्षेची फाईल उघडून नाही राहिली. 'रोखली आहे' एवढंच येऊन राहिलं. गोदामातल्या नत्थूजी काकांच्या हातावर लॅबच्या नमुन्याचा कॅन सांडला. मी हात पाण्याखाली धरून ठेवलाय, पण आग वाढूनच राहिली."

"कॅनमध्ये काय होतं?"

"तेच तं माहीत नाही! वर नुसता कोड आहे. कोड टाकला की फाईलीत रसायन कळते आणि उपाय कळते. लॅबमधलं कोणी फोन उचलत नाही."

"कोड सांग."

सोनिका आकडे वाचत गेली, माया लिहीत गेली. शेवटचा आकडा लिहून तिनं ते मोजले. आकडे बारा होते. यंत्रणेनं ते आधारचे समजून फाईलच उचलली होती.

मागून नत्थूजींचा आवाज येत होता. "काही नाही वं पोरी, थोडी आग होऊन राहिली, बस." मग आवाज थांबला आणि दातांवर दात दाबल्यासारखा कण्हण्याचा सूर आला.

मायानं कुलूपबंद फोल्डर उघडायला घेतला. पासवर्ड चुकला. पुन्हा चुकला. उघडल्यावर पाहते तर हजारो फाईली, आणि यंत्रणेनं सगळ्यांची नावं बदलून टाकलेली. यातून एक शोधायची कशी? एकच मार्ग होता, सगळ्याच फाईली जागच्या जागी परत पाठवायच्या. कंपनीच्या नियमाप्रमाणे त्याला साहेबांची मंजुरी लागत होती. आणि तसं केलं तर गोपनीय ते सगळं पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत उघडं पडणार होतं.

काचेच्या दाराआड साहेब हसून काही समजावत होते. मायानं त्यांच्याकडे पाहिलं आणि बटण दाबलं.

पडद्यावरची हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकू लागली. माया फोन कानाशी घट्ट धरून बसली. पलीकडे पाण्याचा आवाज होता, कण्हणं होतं. मग कण्हणंही ऐकू येईना. 'गेले,' तिच्या मनात आलं. तिला काकांचा चेहराही नीट आठवेना.

"उघडली!" सोनिका ओरडली. "अगं बाई... हे हाडापर्यंत जाते म्हणते. कॅल्शियमचं मलम लावा, लगेच दवाखान्यात न्या." मग कपाट उघडल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

नत्थूजी वाचले. दोन बोटांची पेरं मात्र गेली. उशीर झाला नसता तर कदाचित तीही वाचली असती, असं डॉक्टर म्हणाले.

माया दवाखान्यात गेली तेव्हा त्यांची बायको भीमाबाई दाराशीच भेटली. तिनं मायाचे दोन्ही हात धरले. "तुनंच थे फाईल शोधून देली म्हणे, बाई. लय उपकार झाले."

गप्प राहिलं असतं तर भागलं असतं. पण माया म्हणाली, "मावशी, ती फाईल अडली होती माझ्याच नियमामुळं. मीच चुकले."

भीमाबाईनं हात सोडले. मग हळूच विचारलं, "थे मशीन बंद केली का?"

"सध्या केली आहे. पण उद्यापासून पुन्हा चालू होणार आहे."

"काहून? उद्या दुसऱ्या कोणाची फाईल अडली तं?"

तोच प्रश्न घेऊन माया परतली.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांसमोर उभी राहिली. पाहुण्यांसमोर झालेल्या फजितीनं सुमंत देव धुमसत होते. ती म्हणाली, "सर, प्रत्येक विभागात बसून त्यांची कामाची कागदपत्रं समजून घेतल्याशिवाय मी रोखणं चालू करणार नाही. घाई असेल तर दुसऱ्या कोणाला सांगा." साहेब बोलणार होते. पण टेबलावर नत्थूजींच्या अपघाताचा अहवाल पडला होता. त्यांनी तो पालथा केला आणि म्हणाले, "कर."

सुरक्षेच्या फाईली आता यंत्रणेच्या वाटेत येत नाहीत, आणि आधारचे आकडे ताडून पाहिले जातात, मग कितीही वेळ लागो. तरी कुठली फाईल अडल्याची सूचना आली की माया आधी फोन उचलते आणि त्या विभागाला विचारते, "तिकडं कोणाला काही झालं नाही ना?" पलीकडून 'नाही' ऐकू येईपर्यंत ती फोन खाली ठेवत नाही.